वाघिणी गेल्या, रेक आला

तीर्थपुरीला रेल्वे नाही आणि कधी नव्हती. तालुक्याच्या उत्तरेला रांजणीचं स्टेशन आहे, तेवढाच आमच्या घनसावंगी तालुक्याचा रुळांशी संबंध. बाकी कुठं जायचं तर अंबडमार्गे जालना गाठायचं. तरीही गावात रेल्वेचं खूळ डोक्यात असलेली तीन-चार माणसं आहेत आणि त्यांचं खूळही सरळ नाही. वंदे भारत आली काय, गेली काय, त्यांना सोयरसुतक नसतं. मालगाडी म्हटलं की मात्र समोरचा चहा गार होतो.

माझं खूळ थोडं धंद्याचं आहे. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. जुलैत पाऊस उघडला आणि कपाशीला खत द्यायची घाई सुरू झाली, की गिऱ्हाईक पायरी न चढताच विचारतं, "रेक लागला का?" म्हणजे जालन्याच्या मालधक्क्यावर युरियाची गाडी आली का. दुसरे आमचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. तिसरा माझा भाचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. सुटीत येतो तो कॅमेरा घेऊन येतो आणि रांजणी ते परतूरच्या मध्ये कुठल्यातरी बांधावर बसून गाड्यांचे फोटो काढतो. इंजिनाचा नंबर दिसला की ते कोणत्या शेडचं, हे त्याला सांगता येतं. घरच्यांना ही विद्या लग्नाच्या बाजारात उपयोगी वाटत नाही, पण तो विषय वेगळा.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, त्यानं टीव्हीवर अमेरिकेतल्या मालगाड्यांवरचा एक माहितीपट लावला. वायोमिंगच्या कोळशाच्या खाणींतून निघालेल्या, शंभरावर डबे ओढणाऱ्या गाड्या. पुढं इंजिनं, मागं इंजिनं, आणि ही मागची इंजिनं पुढच्या ड्रायव्हरच्या हातून रेडिओवर चालतात. मग नेब्रास्कातलं बेली यार्ड. आठ मैल लांब, म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर. जगातलं सर्वांत मोठं यार्ड म्हणून त्याचं नाव आहे. तिथं डबे मातीच्या टेकाडावर ढकलत नेतात आणि वरून एकेक करून सोडतात. उतारानं घरंगळत जो तो आपापल्या रुळावर जाऊन आपल्या गाडीला चिकटतो. निवेदकाचा आवाज असा, की आता या क्षणी कुठंतरी काहीतरी फुटणार. तासभर काहीच फुटलं नाही, पण आम्ही हललोही नाही.

भाचा भारावला होता. "मामा, पाहिलं का? तिथं रूळच मालगाडीच्या कंपन्यांचे. प्रवाशांची अ‍ॅमट्रॅक त्यांच्या रुळांवरून चालते. कायद्यानं अग्रक्रम प्रवासी गाडीला, पण कैक वेळा तीच मालगाडीमागं अडकून पडते."

गुरुजींचं लक्ष भलतीकडं होतं. गाडी शेवटपर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "गार्डाचा डबा कुठाय?"

तो नव्हताच. अमेरिकेत मालगाडीच्या शेवटचा डबा 1980 च्या दशकात गेला. त्याच्या जागी शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालाच्या डब्याला, एक लुकलुकती पेटी अडकवतात. ती हवेचा दाब मोजते आणि पुढच्या इंजिनाला कळवते. गुरुजींना हे पटलं नाही. त्यांच्या मते शेवटच्या डब्यात हिरवा बावटा हलवणारा माणूस नसेल तर ती गाडी पुरी झाली असं म्हणता येत नाही. आणि नियमानंही तसंच होतं. मालगाडीच्या शेवटी 'एलव्ही'ची, म्हणजे हा शेवटचा डबा असं सांगणारी, पाटी आणि रात्री तांबडा दिवा असे. स्टेशन मास्तर फलाटावर उभा राहून तो पाहायचा आणि मगच मागच्या स्टेशनाला कळवायचा, की गाडी सगळी आली, मध्ये तुटून काही राहिलं नाही. आता चाकं मोजणारी यंत्रं आली. 'गार्ड' हा हुद्दाही जानेवारी 2022 पासून राहिला नाही, 'ट्रेन मॅनेजर' झाला. नाव मोठं झालं, पण मालगाडीचा तो डबा बहुतेक ठिकाणी अजून तसाच: ना संडास, ना पंखा, रात्रभर आदळत जाणारा. आता तो काढून त्याजागी आपल्याकडंही पेटी बसवायची सुरुवात झाली आहे. गार्डाचे हाल पाहता वाईट वाटायचं कारण नाही, असं मी म्हणालो. गुरुजी म्हणाले, "हाल कमी करा ना, माणूस काहून कमी करता?"

तिथून गप्पांची गाडी मीटरगेजवर गेली. आमच्या गप्पा शेवटी तिथंच जातात.

माझे काका जालन्याला एका आडत दुकानात मुनीम होते. शाळेच्या सुट्या मी त्यांच्याकडं काढायचो आणि ते मालधक्क्यावर निघाले की मागं लागायचो. तेव्हा मनमाडहून सिकंदराबादकडं जाणारी आमची लाइन मीटरगेज होती, एक हजार मिलिमीटरची. निजामाच्या राज्यात 1899 ते 1901 या काळात ती टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हे तिचं जन्मनाव. ती सुरू होत होती त्याच काळात 'छप्पनचा' म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला होता. कापूस, गळिताचं धान्य, भुसार बाहेर जायचं आणि मीठ, कापड, रॉकेल, लोखंड आत यायचं. जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणायची पद्धत पडली, तिला हा मालधक्काही थोडा जबाबदार असणार.

धक्का म्हणजे वाघिणीच्या दाराच्या उंचीचा लांबलचक ओटा, त्यावर पत्र्याची शेड. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला बैलगाड्या आणि ट्रक. कापसाच्या दाबलेल्या गाठी आकडे लावून लोळवत न्यायच्या, कारण एकेक गाठ पावणेदोनशे किलोच्या घरातली. धान्याचं पोतं मात्र पाठीवर, आणि तेव्हाचं पोतं म्हणजे तागाचं, क्विंटलभराचं. हमाल डोक्यावरून गोणपाटाची खोळ घेऊन वाकलेला, दोन जणांनी पोतं उचलून त्याच्या पाठीवर टाकायचं, आणि तो न थांबता फळीवरून आत. आत किती थर लागले याचा हिशेब तोंडानं चालायचा, एक सुरात. पोती फुटून जे सांडायचं ते झाडून न्यायला चार बाया सूप-केरसुणी घेऊन कडेला बसलेल्या असत. कबुतरं आणि त्या, दोघांत कायमची चुरस.

आम्हा पोरांचा खेळ वेगळा होता. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर एक लहानशी चौकट असे आणि तीत कार्ड खोचलेलं. कुठून निघाली, कुठं चालली, आत काय. दाराला तार आणि शिशाचं सील. ती कार्डं वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. गुंटकल. अजमेर. खांडवा. निजामाबाद. एकाच गाडीत दहा गावच्या वाघिणी असायच्या. खांडवा–अकोला–पूर्णा हा दुवा झाल्यापासून उत्तरेचं मीटरगेज आणि दक्षिणेचं मीटरगेज जोडलं गेलं होतं, त्यामुळं राजस्थानातून निघालेली वाघीण माल न उतरवता थेट जालन्यापर्यंत येऊ शकायची. भूगोलाच्या पुस्तकात जे गाव ठिपका होतं ते इथं खडूनं खरडलेलं, धुळीनं माखलेलं, दारातून गुळाचा वास येणारं असं समोर उभं असायचं.

माहितीपट पाहताना माझ्या मनात हेच घोळत होतं. तेव्हाच्या वाघिणीला पत्ता होता. एका व्यापाऱ्याला एक वाघीण मागता येत होती. काका नोंदणी करायचे, अनामत भरायचे आणि वाट पाहायचे. वाघीण मिळाली की दुकानात आनंदीआनंद. पूर्ण वाघीण भरत नसेल तर चार पोती, दोन पेट्या सुटा माल म्हणूनही पाठवता यायच्या. माल पोचला की बिल्टी दाखवून सोडवायचा. वेळेत सोडवला नाही तर डॅमरेज. 'डॅमरेज लागलं' हा शब्द काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला, की लहानपणी मला तो एखादा आजार वाटायचा.

अर्थात हे सगळं आता सोन्यासारखं वाटतं, तेव्हा तसं नव्हतं. काका संध्याकाळी लिहायचे त्या पत्रांपैकी निम्मी तक्रारीची असत. पोती कमी भरली, माल भिजला, वाघीण कुठं आहे ते कळेना. यार्डायार्डांत गाडी तोडायची, वाघिणी निवडायच्या, नवी गाडी जोडायची, यात वाघिणीचा बहुतेक वेळ उभं राहण्यातच जायचा. आणि मुंबईचा माल असेल तर मध्ये मनमाड. तिथं मीटरगेज संपायचं आणि ब्रॉडगेज सुरू व्हायचं, म्हणून सगळा माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचा. कितीतरी हमालांचं पोट त्यावर चालायचं. "माल मनमाडला आहे" हे वाक्य काका सांत्वनासाठी वापरायचे आणि समोरचा ते शिवीसारखं ऐकायचा.

मनमाडचा विषय निघाला आणि गुरुजी एकदम म्हणाले, "ते मघाशी मक्याचे, ज्वारीचे मोठे उंच कोठे दाखवले ना रुळाकडंचे, ते कुठले?"

"कॅन्सस असेल," भाचा म्हणाला.

"म्हणजे आपण तिथलंच खाल्लंय."

भाच्याला कळलं नाही. आम्हा दोघांना कळलं. 1972 चा दुष्काळ. पेरलेलं उगवलं नव्हतं आणि सरकारनं परदेशातून धान्य आणलं होतं. त्यात अमेरिकेतली तांबडी ज्वारी, मिलो. मी तेव्हा आठेक वर्षांचा. मिलोची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर टाकली की तांबूस-काळी व्हायची, आणि गिळताना पाणी लागायचं. गुरुजी नुकतेच नोकरीला लागलेले. शाळेत सुकडी वाटायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि शाळा सुटली की रोजगाराच्या कामावरच्या हजेरीपटाचंही. अख्खं गाव खडी फोडायला. अमेरिकेच्या मैदानात ती ज्वारी मालगाडीत भरली गेली असेल, मग जहाज, मग मुंबईची गोदी, मग ब्रॉडगेजच्या वाघिणीतून मनमाड आणि तिथून मीटरगेजनं इकडं. मराठवाड्यात धान्य यायची मोठी वाट तीच होती. मनमाडचं अन्नधान्याचं प्रचंड गोदाम आजही तिथं उभं आहे.

"त्या गाड्या आपण पहिल्यांदा पाहू राहिलो," गुरुजी म्हणाले, "पण त्यांचं खाल्लेलं कधीच पचवून झालंय."

मला वाटतं, त्या दुपारी माहितीपट खऱ्या अर्थानं तिथं सुरू झाला. तोवर आम्ही लांबी मोजत होतो.

मालगाडी आणि दुष्काळ यांचं आमच्या भागात नातं जुनंच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा देशभर बातमी झाली. मिरजेला भरायची, सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून लातूरला रिकामी करायची. पहिली गाडी दहा टाक्यांची होती, पाच लाख लिटरची. मग पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. त्याआधी याच टाक्या तेल वाहत होत्या. कोटाच्या कारखान्यात वाफेनं धुऊन त्या पाण्यासाठी पाठवल्या. प्रवासी गाडी दुष्काळात माणसं बाहेर नेते, मालगाडी धान्य-पाणी आत आणते. माझा ओढा दुसरीकडं का आहे, ते यात असावं.

एकेरी लाइनवरची टोकनाची गोष्ट न सांगता मीटरगेजचा विषय संपत नाही. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी, आणि तिच्या ड्रायव्हरच्या हाती त्या टापूचा लोखंडी गोळा असलाच पाहिजे. यंत्रातून गोळा निघाला, की दुसरा निघत नाही जोवर पहिला समोरच्या स्टेशनावरच्या यंत्रात पडत नाही. न थांबणाऱ्या मालगाडीला हा गोळा चामडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधून, फलाटाच्या टोकावर उभा राहून पॉइंट्समन वर धरायचा. इंजिनातला फायरमन बाहेर वाकून दंड त्या कड्यात घालायचा आणि त्याच वेळी जुनं कडं खाली फेकायचा. फेकलेलं कडं खडीवर नाचत जायचं ते आणायला आम्ही पोरं धावायचो. वायजी जातीचं मालाचं इंजिन, आठ मोठी चाकं, काळं, घामेजल्यासारखं. नंतर डिझेल वायडीएम-4 आलं. पूर्णेच्या शेडमधली वाफेची इंजिनं मग हळूहळू थंड पडली.

बदल दोन अंगांनी आला आणि लोकांच्या लक्षात फक्त एकच राहिला. दिसणारा बदल म्हणजे रूळ. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात आमची लाइन ब्रॉडगेज झाली. मुंबई थेट झाली, मनमाडची उलथापालथ संपली, पेढे वाटले गेले. न दिसणारा बदल त्याआधीच, 1980 च्या दशकात सुरू झाला होता. रेल्वेनं ठरवलं, की सुट्या वाघिणी गोळा करत, यार्डात तोडत-जोडत बसायचं नाही. जिथून माल निघतो तिथं पूर्ण गाडी भरायची आणि जिथं जायचा तिथं पूर्ण गाडी रिकामी करायची. मध्ये हात लावायचा नाही. हिशेबानं ते बरोबर होतं. त्याच वाघिणी कितीतरी जास्त माल वाहू लागल्या. 2024-25 मध्ये रेल्वेनं 160 कोटी टनांहून जास्त माल वाहिला, तो या शिस्तीशिवाय शक्य नव्हता. आपण जनरलच्या तिकिटाला जे पैसे देतो त्यात आपला प्रवास परवडत नाही. ती भर मालगाडी घालते, हेही भाचा नेहमी ऐकवतो आणि ते खरंच आहे.

पण पूर्ण गाडी कोण भरणार? सिमेंटचा कारखाना, खताचा कारखाना, कोळशाची खाण, तेलाचं कोठार, अन्न महामंडळ. काकांचा आडत्या नाही. लहान स्टेशनांवरचे मालधक्के एकेक करून बंद झाले. ज्याला एक वाघीण पुरत होती तो ट्रककडं गेला, आणि एकदा गेलेला परत आला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला 80 टक्क्यांहून जास्त माल रेल्वेनं जायचा. आता तो तीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. रस्ते झाले, ट्रक दारापर्यंत येतो, ही कारणं खरी आहेतच. तरी माणसं ट्रककडं गेली त्यात एक कारण हेही, की रेल्वेनंच त्यांच्याकडं पाठ केली. भाच्याला हे मान्य नाही. त्याच्या मते भावनेवर वाघिणी चालत नाहीत.

आता माझ्या दुकानाच्या बाजूनं पाहा. खताचा रेक म्हणजे बेचाळीसच्या आसपास बंद वाघिणी, साधारण 2,600 टन. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची होती, 2018 पासून 45 ची झाली. म्हणजे एका गाडीत अठ्ठावन्न हजारांच्या आसपास गोण्या. गाडी धक्क्याला लागली की घड्याळ सुरू. ठरल्या तासांत रिकामी झाली नाही तर डॅमरेज, तेवढं मात्र काकांच्या वेळचंच राहिलं. रात्र असो, पाऊस असो, हमालांच्या टोळ्या आणि ट्रकांची रांग. तिथून तालुक्याला वाटप, तालुक्यातून दुकानांना. तीर्थपुरीत माझ्या वाट्याला येतो कधी एक ट्रक, कधी अर्धा. गिऱ्हाईक अंगठा लावतं, यंत्रातून पावती निघते, गोणी जाते. अठ्ठावन्न हजारांतल्या माझ्या गोण्या कोणत्या वाघिणीत होत्या, ते विचारायची सोय नाही आणि गरजही नाही. सगळ्या सारख्याच. चौकटीतलं ते कार्डही आता कुणी वाचत नाही. वाघीण कुठं आहे ते संगणकाला माहीत असतं, आणि हे काकांनी पाहिलं असतं तर हात जोडले असते.

लांबीच्या बाबतीत आपण आता अमेरिकेला हार जात नाही, हे भाच्याचं लाडकं कलम. त्यानं माहितीपट संपल्या संपल्या पुढचा व्हिडिओ लावला. 15 ऑगस्ट 2022 ला छत्तीसगडात निघालेली 'सुपर वासुकी': 295 वाघिणी, साडेतीन किलोमीटर, 27,000 टन कोळसा. मग ऑगस्ट 2025 मधली 'रुद्रास्त्र', 354 वाघिणींची, साडेचार किलोमीटर. मग पश्चिमेचा मालवाहू मार्ग, दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर, 1,506 किलोमीटर; त्यावर विजेच्या तारेखालून कंटेनरवर कंटेनर रचून गाडी जाते, तार साडेसात मीटर उंच नेली आहे. अमेरिकेत दुमजली कंटेनर 1980 च्या दशकापासून धावतात, पण डिझेलवर. मधेपुऱ्याला बनणारं 12,000 अश्वशक्तीचं इंजिन. तो बोलत होता आणि बाहेर कारखान्याकडं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागं दोन ट्रॉल्या. माझी नात खिडकीत उभी राहून म्हणाली, "ही पण मालगाडीच!" दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर जसा सगळा रस्ता अडवून बसतो, तशीच लांब मालगाडी आमच्या एकेरी लाइनवर बसते. स्टेशनावरची बाजूला थांबायची लूप लाइन तिला पुरत नाही. म्हणून इकडं जालना–परभणीला साडेतीन किलोमीटरची गाडी स्वप्नातही येणार नाही. दुहेरी मार्ग झाला तर गोष्ट वेगळी. छत्रपती संभाजीनगर ते परभणी, 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै 2025 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली आहे.

या लाइनवर मी मालगाडीकडं निवांतपणे पाहू शकत नाही असा एक टापू आहे, करमाडजवळचा. 8 मे 2020 ची पहाट. टाळेबंदी होती, नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेनं भुसावळकडं चालत निघाले होते. तिथून गावाकडं गाडी मिळेल या आशेनं. थकून रुळांवर बसले, डोळा लागला. मनमाडकडं तेलाच्या रिकाम्या टाक्या घेऊन जाणारी मालगाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ब्रेक लावले. 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचं चित्र दुसऱ्या दिवशी घराघरांत पोचलं. गाड्या बंद आहेत असं सगळेच म्हणत होते, आणि ते खरंही होतं; मालगाडी कुणाच्या मोजणीत नव्हती. तिचं वेळापत्रक फलाटावर लावलेलं नसतं. त्या महिन्यांत देशाला धान्य, खत, तेल, कोळसा तीच पोचवत होती. माझ्या दुकानात त्या खरिपाला युरिया आला तो तिनंच आणला.

गुरुजींनी तो विषय लवकर आवरता घेतला. त्यांना जालना–जळगावबद्दल बोलायचं होतं. 174 किलोमीटरच्या या नव्या मार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मान्यता दिली; अजिंठ्याकडून जाणार. गुरुजींचं म्हणणं, त्यावरून मालगाडी भुसावळकडं गेली तर मनमाडचा वळसा वाचेल. जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी 25 डिसेंबर 2015 ला झाली, तेव्हापासून आमच्या गप्पांत कंटेनर आहेच. स्टीलच्या सळया, बियाणं, कापसाच्या गाठी सगळं कंटेनरमधून बंदरावर. मी म्हणालो, आपलं काय त्यात? तीर्थपुरीचं काय जाणार?

"मोसंबी," गुरुजी म्हणाले.

हे मात्र खरं. अंबड-घनसावंगीच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकनही आहे. तरी ती जाते ट्रकनं, बागेतून थेट दिल्ली, कोलकाता. काकांच्या वेळी करंड्या पार्सलच्या डब्यात चढायच्या. अलीकडं, ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल निघाली तेव्हा आमच्याकडंही आशा पालवली होती. आमच्या लाइनवर नगरसोलहून कांद्याच्या बऱ्याच गाड्या गेल्या.

भाच्यानं मोबाइल काढून दाखवलं, की आता अख्खा रेक लागत नाही. मिनी रेकही चालतो, 20 वाघिणींचा.

"वीस!" मी म्हणालो. "काकांना एक मिळायची."

"मामा, एकीचे दिवस गेले. वीस भरा, गाडी न्या."

मग आम्ही खरंच हिशेबाला बसलो. एका वाघिणीत साठ टन धरले तरी 20 वाघिणींचे बाराशे टन. पंधरा-पंधरा टनांचे ऐंशी ट्रक. ते सगळे एकाच दिवशी तोडून, निवडून, क्रेटमध्ये भरून मालधक्क्यावर पोचले पाहिजेत, कारण घड्याळ सुरू असतं. व्यापारी एक नाही, बागवान एक नाही, पाणी कुणाला कालव्याचं तर कुणाला शेततळ्याचं. भाचा म्हणाला, अख्ख्या तालुक्यानं एकाच वेळी तोडणी करायची ठरवलं तर जमेल.

गुरुजींनी चष्मा काढला. "मग आधी हे ठरवा, की सगळ्या तालुक्यानं आंबे बहार धरायचा का मृग बहार."

त्यावर माझे दोन शेजारी, जे इतका वेळ फराळासाठी म्हणून बसले होते आणि मालगाडीच्या नावानं जांभया देत होते, एकदम जागे झाले. एकाचा मृग, एकाचा आंबे. टीव्हीवर कुठलीशी शंभर डब्यांची गाडी अजून चाललीच होती. आवाज बारीक करा, असं दोघंही म्हणाले.